फॉर्म भरला, मागणी कुठे गेली?

समजा, जालन्यात मोसंबीच्या रोपवाटिकेची एक वेबसाइट आहे. रोपांच्या मागणीचं पान आधी ‘मागणी.पीएचपी?तालुका=अंबड’ अशा पत्त्यावर होतं. मग कुणीतरी सुटसुटीत पत्ते केले: ‘/मागणी/अंबड’. अपाची सर्व्हरवर हे काम मॉड-रीराइट करतं. राल्फ एंगेलशाल यांनी ते १९९६ साली लिहिलं. पान झकास उघडतं, पण घनसावंगीच्या शेतकऱ्याने फॉर्म भरून ‘पाठवा’ दाबलं की पुन्हा कोराच फॉर्म समोर येतो.

असं का होतं? सर्व्हरने आतल्या आत पत्ता बदलला, हे ब्राउझरला कळतच नाही. त्याच्या लेखी तो ‘/मागणी/घनसावंगी’ इथे उभा आहे. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये नुसतं ‘जतन.पीएचपी’ लिहिलेलं असेल, तर तो माहिती ‘/मागणी/जतन.पीएचपी’कडे पाठवतो. तिथे अशी फाइलच नाही. उलट रीराइटचा नियम ‘जतन.पीएचपी’लाच तालुका समजून मागणीचं पान पुन्हा दाखवतो. जिल्ह्यात तालुके आठ, हा नववा! उपाय साधा आहे: ॲक्शनचा पत्ता तिरप्या रेघेपासून, म्हणजे साइटच्या मुळापासून लिहा: ‘/जतन.पीएचपी’. साइट एखाद्या फोल्डरमध्ये असेल तर त्याचं नावही आधी हवं.

दुसरा घोटाळा जास्त फसवा. जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे धाडण्यासाठी ३०१ किंवा ३०२ रीडायरेक्ट लावलेला असतो. वाचणाऱ्याला तो चालतो. पण पोस्टने आलेला फॉर्म त्यावर आदळला, की ब्राउझर सहसा नव्या पत्त्यावर साधी गेट विनंती करतो आणि भरलेली माहिती मागेच राहते. चूक म्हणून काही दिसतही नाही. फोल्डरच्या पत्त्याशेवटी तिरपी रेघ विसरली, तरी अपाची आपणहून ३०१ देतो. ३०७ आणि २०१५ साली प्रमाणित झालेला ३०८ हे दोन कोड पोस्टला पोस्टच ठेवतात. तरी माझं मत विचाराल तर फॉर्मच्या वाटेत रीडायरेक्ट नकोच. अंतिम पत्ता, एचटीटीपीएससकट, फॉर्ममध्येच लिहावा. पीएचपीत ‘स्क्रिप्ट-नेम’ वापरून ॲक्शन भरणाऱ्यांनी जपावं. त्यात सहसा खऱ्या फाइलचा जुना पत्ता असतो. ब्राउझरने मागितलेला पत्ता ‘रिक्वेस्ट-यूआरआय’मध्ये मिळतो.

गेटने जाणाऱ्या शोध-फॉर्मचं दुखणं वेगळं. नियमातल्या नव्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असेल, तर मूळ पत्त्यातले शोधशब्द गळून पडतात. ‘क्यूएसए’ ही खूण लावली की ते टिकतात.

तपासायला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क उघडा, नोंदी टिकवण्याचा पर्याय लावा आणि फॉर्म पाठवा. पोस्टसमोर ३०१ आणि लगेच खाली गेट दिसलं, तर माहिती तिथेच हरवली. मात्र नोंद झाल्यावर सर्व्हरने मुद्दाम दिलेला ३०३ योग्यच. त्यामुळे पान रिफ्रेश केल्यावर मागणी दुबार जात नाही. म्हणून रीराइटचा नियम बदललात, की पान उघडून पाहण्यावर भागवू नका. प्रत्येक फॉर्म एकदा भरा आणि नोंद डेटाबेसमध्ये आली का ते स्वतः पाहा.