सूर्योदयाचें छायाचित्र आणि काळोखांतली माणसें

महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर हिवाळ्यांत सूर्योदय पाहावयास निघालेलीं कुटुंबें पहाटेच्या काळोखांतच मुक्काम सोडतात. १४३९ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर शाली-मफलर गुंडाळून सारीं पूर्वेकडे तोंड करून उभीं राहतात. खालच्या दऱ्यांत धुकें साचलेलें असतें. क्षितिजावर प्रथम राखी, मग जांभळी, मग केशरी रेघ उमटते, आणि क्षणभर सर्वांचें बोलणें थांबतें. अशा वेळीं घरांतलें कोणी तरी कॅमेरा काढतें. कठड्याशीं आजीबाई शाल पांघरून बसलेल्या असतात आणि त्यांच्यामागें आकाश पेटलेलें असतें. डोळ्यांना दोन्ही दिसतात. परंतु घरीं येऊन पाहावें तों एका छायाचित्रांत आकाश सुंदर आहे आणि आजीबाईंच्या जागीं नुसती काळी आकृति. दुसऱ्यांत आजीबाई दिसतात, पण आकाश पांढरें फटक. मग यांत दोष कोणाचा?

दोष कोणाचाच नाहीं. मनुष्याचा डोळा हा मोठा चतुर कारभारी आहे. तो सारें दृश्य एका नजरेनें टिपीत नाहीं. आकाशाकडे वळला म्हणजे त्याची बाहुली आकुंचित होते, छायेंतील चेहऱ्याकडे वळला म्हणजे ती विस्तारते, आणि अशा अनेक ओझरत्या कटाक्षांची जुळणी करून मेंदु एकच सलग दृश्य उभें करतो. कॅमेऱ्याला ही सवड नसते. क्षणार्धापुरतें दार उघडून तो साऱ्या दृश्याला एकच माप लावतो. आकाशाला बेतशीर होणारें माप जमिनीला अपुरें पडतें आणि जमिनीला पुरणारें आकाशाला असह्य होतें. तेव्हां छायाचित्रावर मागाहून केलेला संस्कार म्हणजे लबाडीच, असें मानण्याचें कारण नाहीं. डोळ्यानें त्या माथ्यावर जें केलें, तेंच हातानें पुन्हा करावयाचें असतें.

त्यासाठीं कॅमेऱ्यांतून रॉ, म्हणजे कच्ची, फाइल घ्यावी लागते. तिला चित्र म्हणण्यापेक्षां हिशेबाची कीर्द म्हणणें अधिक योग्य होईल. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या फलकाच्या प्रत्येक ठिपक्यावर तांबडी, हिरवी अथवा निळी अशी एकच गाळणी असते, आणि त्या ठिपक्यावर किती प्रकाश पडला एवढाच आंकडा फाइलींत नोंदला जातो. नेहमींची जेपेग फाइल हा त्या कीर्दीवरून कॅमेऱ्यानें स्वतःच्या मतानें काढलेला गोषवारा होय. तींत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. १४ बिटांच्या रॉ फाइलींत त्या १६,३८४ असतात.

मात्र या पायऱ्यांची वांटणी समान नसते. प्रकाश निम्मा झाला कीं आंकडाहि निम्मा होतो. त्यामुळें सर्वांत उजळ टप्प्याच्या वाट्याला ८,१९२ पायऱ्या येतात, त्याखालच्याला ४,०९६, आणि असें निम्मेनिम्म होतां होतां आठव्या टप्प्याला अवघ्या ६४ उरतात. आजीबाईंचा चेहरा अशाच एखाद्या गरीब टप्प्यांत असतो. छाया फार वर उचलली कीं त्या चेहऱ्यावर रंगीत रवा दिसूं लागतो. उजेडाकडचें संकट याहून कठोर आहे. फलकाची धारणशक्ति संपली कीं पुढचा सारा प्रकाश एकाच आंकड्यानें नोंदला जातो. सूर्याभोंवतीं तांबड्याचें माप प्रथम भरतें, मग हिरव्याचें, आणि केशरी वलय आधीं पिवळें व शेवटीं पांढरें होतें. हा डाग कोणत्याहि करामतीनें पुन्हा रंगत नाहीं. काळोखांत थोडें तरी शिल्लक असतें. जळालेल्या आकाशांत कांहींच नसतें. म्हणून जाणता छायाचित्रकार आकाश सांभाळतो, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर जमीन काळी दिसली तरी घाबरत नाहीं.

संगणकावर पहिलें काम रंगांच्या समतोलाचें. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरांतून येतो. वाटेंत निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारें चौपट विखुरला जातो, म्हणून पहाट केशरी दिसते. कॅमेऱ्याची स्वयंचलित योजना पुष्कळदां या केशरी छटेला दोष समजून ती पुसून टाकते. रॉ फाइलींत ही छटा मागाहून ठरवितां येते. दिवसाच्या उजेडाचें, सुमारें ५५०० केल्व्हिनचें, माप लावून आरंभ करावा. नंतर आकाशाची उजळ बाजू थोडी खालीं आणावी. त्यानंतर वरून खालीं विरत जाणारा मास्क, म्हणजे पडदा, क्षितिजाशीं जुळवून आकाश आणि जमीन यांचा विचार वेगळा करावा. जमिनीवर निळ्या आकाशाचाच उजेड पडलेला असल्यामुळें ती किंचित निळसर असते. तिला केशरी करण्याच्या हौसेनें सारें चित्र तापविलें तर आकाश गढूळ होतें. चेहऱ्यापुरता उजेड वाढवावयाचा असेल तर लहान, मऊ कडेचा मास्क पुरे. डोंगराच्या कडेला पांढरी झालर दिसूं लागली कीं हात जास्त पडला, असें समजावें.

ही अडचण जुनी आहे. १८५० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यानें समुद्राचीं कांहीं चित्रें दोन निगेटिव्ह जोडून केलीं, एक आकाशाची व एक पाण्याची. कारण त्या काळच्या कांचा निळ्या प्रकाशाला फार लवकर भुलत आणि आकाश कोरें पडे. १९४१ सालीं अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ गांवाजवळ ॲन्सेल ॲडम्स याला मावळत्या उन्हांत चमकणारे क्रूस आणि वर उगवता चंद्र दिसला. प्रकाशमापक हातीं लागेना. चंद्राची तेजस्विता आठवून त्यानें एक चित्र घेतलें. दुसरें घेण्यापूर्वींच क्रुसांवरचें ऊन गेलें. त्या निगेटिव्हमधील जमिनीचा भाग फिका होता. १९४८ सालीं, म्हणजे सात वर्षांनीं, त्यानें तेवढाच भाग रसायनानें गडद करून घेतला.

मग थांबावें कोठें? जमीन आकाशाहून काळोखीच राहिली पाहिजे, कारण त्या घटकेला ती तशीच होती. आजीबाईंच्या चेहऱ्यावर दुपारचें ऊन आणलें तर ती पहाट राहणार नाहीं. त्यांचे मिटलेले ओठ, शालीची कड आणि उगवतीकडे लागलेली नजर एवढें ओळखूं आलें कीं काम झालें. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. संस्कारांची नोंद वेगळी राहते, कीर्दीला धक्का लागत नाहीं. आणखी सात वर्षांनीं घरांतलें एखादें नातवंड तीच फाइल उघडील, तेव्हां आजीबाई काळोखांत तशाच बसलेल्या असतील आणि त्याला त्यांचा चेहरा पुन्हा हळूहळू उजेडांत आणतां येईल.