तुऱ्याची राखण

सकाळी ६.३०
फेब्रुवारी संपत आला आहे. उन्हं गच्चीवर यायच्या आत टॉर्च आणि भिंग घेऊन फेरी मारते. तुरा आलेल्या निवडुंगाला घड्या फार, आणि पिठ्या ढेकूण नेमका घडीतच दडतो. मॅमिलेरिया इलोंगाटाचा तुरा तर मेंदूच्या वळ्यांसारखा. आज त्यात कापसाचे दोन ठिपके सापडले. स्पिरिटच्या ब्रशने पुसले आणि कुंडी वेगळी ठेवली.

सकाळी ८
कुंडीत लाकडी काडी खुपसते. काडी ओली निघाली तर पाणी नाही. कोरडी निघाली तर झारी कडेकडेने फिरवते, तुऱ्यावर थेंब पडू देत नाही. घडीत पाणी साचलं की तिथूनच कूज धरते. जाड वाळू आणि विटांचा चुरा मिळून मिश्रणाचा निम्म्याहून जास्त भाग असतो, तो मुळाशीही पाणी साचू नये म्हणून. एका पावसाळ्यात छताचं प्लास्टिक टाकायला दोन दिवस उशीर केला आणि अ‍ॅस्ट्रोफायटमचा आठ वर्षांचा तुरा बुडातून गेला. ती हळहळ अजून आहे.

सकाळी १०
कलमाची वेळ. साधा निवडुंग शेंड्याच्या एका बिंदूतून वाढतो. कधी इजा होऊन, कधी थंडीच्या कडाक्याने, कधी जनुकातल्या बदलाने, पुष्कळदा कारण न कळताच, त्या बिंदूची रेघ होते आणि झाड पंख्यासारखं पसरतं; तोच तुरा. अंगणातला कोंबडाही असाच फुलतो. पण कोंबड्याचं बी पेरलं तर पुन्हा तुराच येतो. निवडुंगाच्या तुऱ्याचं बी बहुतेक वेळा साधं रोप देतं. म्हणून कलम.

खुंट ड्रॅगन फ्रूटचा. पातं पुसून तो आडवा कापला, कडा उतरत्या तासल्या; नाहीतर वाळताना मधला भाग खोल जातो आणि कलम सुटतं. अ‍ॅस्ट्रोफायटमच्या तुऱ्याची दोन बोटं रुंद फोड घेतली. खुंटाच्या कापात रसवाहिन्यांचं कडं दिसतं, फोडीत लांबट रेघ. रेघ कड्याला छेदून जाईल अशी फोड बसवली आणि रबराने आवळली. आता आठवडाभर सावली.

दुपारी १
शेडनेटखाली लेबलं आणि वही. कोणतं झाड कुणाकडून, कधी आलं, याची नोंद. रानातून उपटलेलं झाड मी घेत नाही. अ‍ॅरिझोनाच्या सग्वारो नॅशनल पार्कमध्ये डोक्यावर तुरा उघडलेले सग्वारो निवडुंग उभे आहेत. त्यांनी तिथेच उभं राहावं. निवडुंगाचं जवळजवळ सगळं कुळ वन्य जिवांच्या व्यापारावरच्या साइटिस कराराखाली येतं, ते योग्यच आहे.

दुपारी ४
मिर्टिलोकॅक्टसच्या निळसर तुऱ्यातून सरळ कोंब निघाला होता, तो मुळापासून कोरून काढला. ठेवला तर तो जोर धरतो आणि तुरा मागे पडतो. मग हातमोजे, चष्मा आणि युफोर्बिया लॅक्टिआ. बाजारात याला कोरल कॅक्टस म्हणतात, पण तो कॅक्टस नव्हे. आपल्या वईच्या, नावापुरत्याच निवडुंगाचा भाऊबंद आहे आणि त्याच्याच खुंटावर बांधलेला असतो. चीक डोळ्यात गेला तर फार त्रास.

संध्याकाळी ६
कॉलेजातला एक मुलगा रोप न्यायला आला. सकाळच्या कलमाकडे बघून म्हणाला, “काकू, एवढं दुर्मीळ झाड कापवतं कसं तुम्हाला?”

“अरे, पावसात गेलेला माझा तुरा हाच. त्याची फोड मी आधीच नाशिकच्या मैत्रिणीला दिली होती. तिने वाढवून मला परत पाठवली, म्हणून आज कापायला झाड आहे.”

याच तुऱ्याचं गेल्या वर्षी बांधलेलं एक कलम त्याच्या हातात दिलं. पैसे घेतले नाहीत; दोन वर्षांनी एक फोड दुसऱ्या कुणाला देईन, एवढं कबूल करून घेतलं.

रात्री ९
वहीत त्याचं नाव लिहिलं. या तुऱ्याचं हे पाचवं घर.