छोटी मोटार : हौस, सोय आणि धोका

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मागच्या दिवाळीत बाबांनी मला एक प्रश्न विचारला आणि त्यातूनच हा लेख निघाला. शेजारच्या गावातील एका निवृत्त गुरुजींची जुनी छोटी मोटार विकायला निघाली होती. किंमत नव्वद हजार. बाबा म्हणाले, "बाई, तू कालेजात शिकतेस ना, मंग वाचून सांग, घ्यावी का नाही?" आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे हिवतापाच्या गोळीपासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत सर्व गोष्टींचे ज्ञान मला असलेच पाहिजे, अशी घरच्यांची प्रामाणिक समजूत आहे. माझे विषय मराठी वाङ्मय, इतिहास आणि अर्थशास्त्र. मोटार यात कोठेही बसत नाही. तरीपण 'मला ठाऊक नाही' असे म्हणण्याचा धीर झाला नाही. मग जमेल तितके वाचले, आमच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांना गाठले आणि जे समजले ते येथे मांडत आहे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. तिच्याविषयी घरात कोणी उघड बोलत नव्हते. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या मामांनी अशीच एक छोटी गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. आमच्या नातेवाइकांत ती पहिली चारचाकी. त्या वर्षी महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो ते त्याच गाडीतून. मामा-मामी पुढे, मामीच्या मांडीवर लहानगा, आणि मागे आम्ही पाच जण! वैनगंगेच्या पुलावर मामांनी गाडी मुद्दाम हळू केली, तेव्हा काचेतून नदी पाहताना मला आपण कोणी मोठी माणसे झालो असे वाटले होते. पुढे २०२२ साली धानकापणीच्या दिवसांत, लग्नाहून रात्री परतताना, रस्त्याच्या कडेला उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मामांना दिसली नाही. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल चकाकणारी पट्टीही नव्हती. गाडीचे नाक ट्रॉलीखाली शिरले. मामांची मांडी मोडली, मामीच्या कपाळाला चौदा टाके पडले. सगळे वाचले हे खरे, परंतु मामा आजही धानाच्या बांधीत उतरताना काठी घेतात. म्हणून बाबांच्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन मला मोकळे होता येत नव्हते.

छोटी मोटार माणसाला इतकी का आवडते, हे शहरातल्या वाचकांपेक्षा आमच्या भागातल्या वाचकांना लवकर कळेल. सिंदेवाही, मूल, सावली, चामोर्शी या पट्ट्यात संध्याकाळची शेवटची एस. टी. चुकली की माणूस अडकलाच. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. उरते ती मोटारसायकल. टाकीवर एक मूल, मागे बायको, तिच्या कडेवर दुसरे. हे चित्र आपण रोज पाहतो. आषाढात रोवणीच्या दिवसांत पाऊस लागला म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तापाचे पोर नेणे ही काय गोष्ट आहे ते भोगलेल्यालाच माहीत. अशा घराला चार चाके, एक छप्पर आणि चार काचा म्हणजे केवळ हौस नव्हे. त्यातून छोटी गाडी थोड्या पेट्रोलात चालते, गल्लीत वळते, अंगणात मावते, आणि बॅटरी उतरली तर दोघांनी ढकलली तरी सुरू होते. मोठ्या गाडीचा डौल तिला नाही. पण मोठ्या गाडीचा खर्चही नाही.

ही ओढ आपल्याकडेच आहे असे मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने १९४९ साली छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्गच ठरवून दिला. आज त्या वर्गातील गाडीची लांबी ३.४ मीटरपेक्षा आणि इंजिन ६६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठे असू शकत नाही. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच निर्माण होऊन युरोपात पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातूनच १९५९ मध्ये इंग्लंडात 'मिनी' आली. आपल्या महाराष्ट्रात तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने घडवली होती. १९४० च्या दशकाअखेरीपासून १९७५ पर्यंत त्यांनी तिचे एकामागून एक नमुने तयार केले. इंजिन मागे बसवलेली ही गाडी बारा हजार रुपयांच्या आसपास देता येईल असा त्यांचा हिशेब होता. ती कारखान्यात कधी निघालीच नाही. पोलादी जिद्दीच्या या माणसाचे नाव आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही, याचे वाईट वाटते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाच्या त्या गाडीने मध्यमवर्गाला चाकांवर बसवले, आणि २०१४ पर्यंत ती बनत राहिली. त्यानंतरचे धाडस म्हणजे टाटांची नॅनो. पावसात एका स्कूटरवर चाललेले अख्खे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत असत. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि 'लाखाची गाडी' हे नाव खेड्यापाड्यांत पोचले. लाखात बसवण्यासाठी काय काय केले ते वाचण्यासारखे आहे. लांबी जेमतेम ३.१ मीटर, वजन सुमारे ६०० किलो, दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला, पुढच्या काचेला एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीन नट, आणि सामानाचे मागचे दार सुरुवातीच्या गाड्यांत उघडतच नसे. काटकसर कशी करावी हे आमच्या आईला कोणी शिकवायला नको, पण नॅनोच्या इंजिनिअरांपुढे तिनेही हात जोडले असते. एवढे करूनही २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन जवळजवळ थांबले. स्वस्त म्हणून गाजलेली गाडी दारात उभी करणे लोकांना कमीपणाचे वाटले, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. मला ते पटते. आमच्याकडे हुंड्याच्या यादीतसुद्धा 'लाखाची गाडी' कोणी मागितली नाही!

आता धोक्याकडे वळू. येथे थोडे गणित करावे लागेल. कलाशाखेच्या वाचकांनी घाबरू नये, मीही घाबरले होते.

समजा, ६०० किलोची मोटार आणि २५ टनांचा भरलेला ट्रक ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर येऊन आदळले आणि एकमेकांत अडकून पुढे गेले. दोघांवर बसणारा धक्का सारखाच असतो, हा न्यूटनचा नियम. मात्र परिणाम सारखा नसतो. हिशेब केला तर टक्कर होताच ट्रकचा वेग ६० वरून ५७ वर येतो. म्हणजे ट्रकवाल्याला जोराचा ब्रेक लागल्यासारखे वाटते. मोटार मात्र ६० ने पुढे जात होती ती क्षणात ५७ ने उलट दिशेला फेकली जाते. तिच्यातील माणसांच्या वेगात निमिषार्धात ११७ चा फरक पडतो. माणसाचे शरीर मरते ते वेगाने नव्हे, तर वेगातील या अचानक फरकाने. सरांनी खडूने हे फळ्यावर मांडले तेव्हा मला आमच्याकडचे रस्ते आठवले. चंद्रपूरकडे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक, गडचिरोलीत आलापल्ली-आष्टी मार्गावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. पुण्यातल्या छोट्या गाडीच्या समोर बहुधा दुसरी छोटी गाडी येते. आमच्या छोट्या गाडीच्या समोर काय येते ते सर्वांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट नाकाच्या लांबीची. गाडीचा पुढचा भाग चुरगळतो तो उगाच नव्हे. तो चुरगळावा असाच केलेला असतो. ताशी ५० ने जाणारी गाडी अर्ध्या मीटरच्या चुरगळीत थांबली तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीस पट जोर येतो. एक मीटरमध्ये थांबली तर दहा पट. तणसाच्या ढिगावर उडी मारणे आणि खळ्यावर उडी मारणे यात जो फरक आहे तोच हा. छोट्या गाडीला नाकच आखूड, तर तणस आणायची कोठून? शिवाय नाक ठेंगणे असल्याने उंच ट्रॉलीखाली किंवा ट्रकखाली ते सरळ शिरते, आणि धक्का चुरगळणाऱ्या भागाला न लागता काचेला आणि छपराच्या खांबाला लागतो. मामांचे नेमके हेच झाले. म्हणून ट्रकच्या मागे खाली आडवा दांडा असावा लागतो. आमच्याकडच्या किती ट्रॉल्यांना तो आहे हे येत्या हंगामात वाचकांनीच मोजावे.

२०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या बचावासाठी शून्य तारे मिळाले. नॅनो आणि अल्टो ८०० त्यांत होत्या. एक बारकावा येथे लक्षात घेतला पाहिजे. ही चाचणी साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. म्हणजे छोट्या गाडीला मिळालेले तारे ट्रकसमोर तितकेच चमकतील असे नाही. २००९ साली अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने चांगल्या गुणांच्या तीन छोट्या गाड्या त्याच कंपन्यांच्या मध्यम गाड्यांवर आदळल्या, तेव्हा तिन्ही छोट्या गाड्यांचा शेरा 'वाईट' असाच आला. औरंगाबादच्या वाळूजमध्ये बनलेली बजाजची क्यूट ही तर रिक्षा आणि मोटार यांच्या मधली. वेग ताशी ७० पर्यंतच. युरोपात २०१६ मध्ये तिला एक तारा मिळाला. शहरातील वर्दळीत तिचा उपयोग असेल. जंगलातल्या राज्य मार्गावर रात्री ती चालवावी असे मला वाटत नाही.

याचा अर्थ लहान म्हणजे वाईटच, असा घेऊ नये. त्याच २०१४ च्या चाचणीत पोलो या गाडीला एअरबॅगशिवाय शून्य, पण दोन एअरबॅग बसवताच चार तारे मिळाले; कारण तिचा सांगाडा मजबूत होता. टाटांच्याच पंच या जेमतेम ३.८ मीटरच्या गाडीने २०२१ मध्ये पाच तारे मिळवले. मधल्या काळात कायदाही बदलला. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, २०२१ संपेपर्यंत शेजारच्या आसनापुढेही. म्हणून जुनी छोटी गाडी घेताना किमतीच्या आधी विचारायचे ते साल. आणि मोठी गाडी असली म्हणजे झाले असेही नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ गेले ते भारी मर्सिडीजमध्ये मागे बसलेले असताना. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मार्कंड्याच्या वाटेवर आम्ही मागे पाच जण बसलो होतो, तेव्हा पट्टे सीटच्या कव्हराखाली दडपलेले होते. मामीच्या मांडीवरच्या लहानग्याचा विचार आता केला तरी अंगावर काटा येतो.

परंतु हे सर्व लिहून झाल्यावर वहीचे दुसरे पान उलटावे लागले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे ज्या मोटारसायकलवरून उतरून बाबा छोट्या गाडीत बसू पाहत होते, ती गाडीपेक्षा सुरक्षित मुळीच नाही. मोटारसायकलला चुरगळणारे नाक नाही, पट्टा नाही, छप्पर नाही. आडवा रोही आला तर माणूस थेट डांबरावर. शून्य ताऱ्यांची गाडीसुद्धा ट्रिपल सीट मोटारसायकलपेक्षा बरी, हे म्हणणे खोडून काढता येत नाही. मात्र एक पेच उरतो. मोटारसायकलवर बाबा ताशी चाळीसच्या पुढे जात नाहीत आणि रात्री जंगलातून निघत नाहीत. गाडी आल्यावर मामा रात्रीची लग्ने करू लागले. छपराखाली बसले की भीती कमी होते; धोका तेवढा कमी होत नाही.

तिळसंक्रांतीच्या आदल्या रविवारी आम्ही गुरुजींची गाडी पाहायला गेलो. साल २०१२. एअरबॅग नाही. मी मागच्या सीटखाली हात घालून पट्टे शोधले. एक मिळाला, दुसऱ्याचे कुलूप गंजलेले. गुरुजी हसून म्हणाले, "पोरी, मागे कोण लावते पट्टा?" बाबा काही बोलले नाहीत. परत येताना मोटारसायकलवर मी मागे बसून त्यांना तारे, साल आणि नाकाची लांबी सर्व सांगत होते आणि वाऱ्यात त्यांना निम्मेच ऐकू येत होते. घरी आल्यावर त्यांनी विचारले, "बरं, २०१९ नंतरची केवढ्याला मिळते?" मी चौकशी करून आकडा सांगितला. तो नव्वद हजारांच्या तिपटीहून अधिक होता. ते बराच वेळ अंगणातल्या मोहाच्या झाडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अजून दोन हंगाम थांबू."

त्या आठवड्यात ते मूलच्या बाजारातून दोन हेल्मेट घेऊन आले. एक त्यांचे, एक माझे. आईने विचारले, "मंग माझं?" तिसरे होळीला आले.