फाएन्झाची मिनार्दी

मुळशी तालुक्यातील लवळ्याच्या टेकडीवर यंत्रविद्येचे पाठ गिरविणाऱ्या तरुणांस फेरारीच्या ऐश्वर्याची वर्णने कोणीही ऐकवील; परंतु फेरारीच्याच इटलीतील एमिलिया-रोमान्या मुलखात, झिलईदार मृत्तिकापात्रांसाठी शतकानुशतके विख्यात असलेल्या फाएन्झा गावी, जियानकार्लो मिनार्दी या गृहस्थाने १९७९ साली मोटारशर्यतींचा जो लहानसा संघ उभारला, त्याचा इतिहास मला अधिक बोधप्रद वाटतो.

१९८५ मध्ये, एकाच मोटारीच्या तुटपुंज्या सरंजामानिशी, हा संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरला. कार्लो कीती यांनी घडविलेले टर्बो इंजिन वारंवार बिघडे, आणि पहिला गुण पदरी पडण्यास १९८८ ची डेट्रॉइटची शर्यत उजाडावी लागली. तो मिळविणारा पिएरलुइजी मार्टिनी पुढल्याच वर्षी एस्तोरिलला एक फेरी सर्वांच्या पुढे धावला. संघाच्या समग्र दप्तरात आघाडीची नोंद एवढीच.

सन १९९९ मधील न्युर्बुर्गरिंगचा प्रसंग मात्र विस्तराने सांगण्याजोगा आहे. पावसाच्या लहरीपणाने बड्या संघांची दाणादाण उडाली असता लुका बादोएर चौथ्या स्थानावर धावत होता; शर्यतीचा शेवट हाकेच्या अंतरावर आला असता गिअरबॉक्सने दगा दिला, आणि बंद पडलेल्या मोटारीवर डोके टेकून तो ढसाढसा रडला. त्याच दिवशी त्याचा सहकारी मार्क जेने सहावा आला आणि संघास एक गुण मिळाला. बादोएरला मात्र फॉर्म्युला वनमध्ये तो कधीच मिळाला नाही. मोटारक्रीडेत दैवाला एवढे निष्ठुर होण्याचे कारण काय, हे मला आजवर उमगलेले नाही.

३४० शर्यतींत अवघे ३८ गुण! पण पारख मोठी तीक्ष्ण. पुढे दोनदा जगज्जेता झालेल्या फर्नांदो आलोन्सोने पदार्पण केले ते २००१ मध्ये याच संघातून. तत्पूर्वी फिसिकेला आणि त्रुली यांनाही प्रथम संधी येथेच लाभली. संघाचे खरे वैर वेगाशी नव्हे, रित्या खजिन्याशी होते. त्यामुळे घडविलेला चालक टिकवून ठेवणे या संघाच्या कुवतीबाहेरचे असे.

संघ २००१ मध्ये पॉल स्टॉडार्ट यांच्या हाती गेला. २००५ च्या इंडियानापोलिसला टायरच्या वादापायी सहाच मोटारी धावल्या. आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघातून चौथा आला, त्यामागोमाग मिनार्दीच्या दोन्ही मोटारी. त्याच वर्षाअखेरीस रेड बुलने संघ विकत घेऊन त्यास टोरो रोसो हे नाव दिले, आणि २००८ साली सेबास्टियन फेटेलने मोन्झाला पावसात शर्यत जिंकली, तेव्हा मोटारीवर नाव टोरो रोसोचे असले तरी कारखाना फाएन्झाचाच होता.