ऑनलाइन विक्रीतील अडकलेला पैसा : विणकर व व्यापाऱ्यांनी काय करावे?

व्यापार म्हटला की उधारी आलीच. सोलापूरची चादर आणि टॉवेल वर्षानुवर्षे उधारीवर परगावी जात आले आहेत. पण पूर्वी मध्ये आडत्या किंवा दलाल असे. गिऱ्हाईक कोणत्या पेठेतले, त्याची पत किती, हे त्याला ठाऊक असे. पैसे अडकले तर तगादा लावायलाही तोच जाई. आता ऑर्डर मोबाइलवर येते. एक नाव, एक नंबर आणि एक पत्ता, एवढीच घेणाऱ्याची ओळख. माल पोहोचला की फोन लागत नाही. कारखानदार, रेडिमेड कपड्यांचे शिलाईवाले आणि छोटे दुकानदार यांना उपयोगी पडावी म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

पैसा कोणाच्या हातून येतो?

ऑनलाइन बाजार सगळे सारखे नाहीत. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ठिकाणी गिऱ्हाइकाचे पैसे आधी कंपनीकडे जातात आणि आपले कमिशन कापून ती ते विक्रेत्याला देते. तेथे उधारी बुडत नाही. तेथे माल परत येतो. दुसरा प्रकार इंडियामार्टसारख्या ठिकाणांचा. तेथे घाऊक खरेदीदाराशी गाठ पडते, पण पुढचा सौदा बहुधा दोघांत थेट होतो. तिसरा प्रकार व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरील विक्रीचा. तेथे मध्ये कोणीच नसते. जोखीम कोठे आहे हे आधी ओळखले, तर निम्मे काम झाले.

माल नाकारणारे गिऱ्हाईक

माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत गिऱ्हाईक दारातूनच पार्सल परत पाठवते. विक्रेत्याचा बांधणीचा खर्च जातो, कित्येकदा वाहतुकीचाही भुर्दंड बसतो आणि माल आठवडाभर अडकतो. आपण स्वतः थेट विकत असाल तर माल पाठवण्यापूर्वी फोन करून ऑर्डर पक्की करावी आणि वाहतुकीपुरती रक्कम आगाऊ घ्यावी. ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो एवढ्याला नाही म्हणत नाही. बाजारातर्फे विकत असाल तर पार्सल बांधताना आणि परत आलेले उघडताना व्हिडिओ काढावा. चादरीऐवजी जुने कापड परत आले, तर दावा करायला हाच पुरावा लागतो, आणि दाव्याची मुदत थोडी असते.

पैसे पाठवल्याचा खोटा फोटो

'पैसे पाठवले, हा पाहा फोटो' असे म्हणून माल उचलणारे भामटेही आहेत. फोटोवर किंवा मेसेजवर भरवसा ठेवू नये. आपल्या बँक खात्यात रक्कम जमा दिसली तरच माल सोडावा. दुसरी गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या सरकारी हेल्पलाइनवर कळवावे. लवकर कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते.

घाऊक उधारी आणि ४५ दिवसांचा कायदा

मोठी रक्कम अडकते ती घाऊक सौद्यात. थोडा विसार देऊन माल न्यायचा आणि बाकीसाठी तारखा द्यायच्या, ही जुनी चाल आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने यावर उपाय दिला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल दिला, तर लेखी करारात कितीही मुदत लिहिली तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपुढे पैसे थकवता येत नाहीत. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पसंत पडला असे कायदा धरून चालतो. महिन्यांनी 'रंग गेला' म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

पैसे न मिळाल्यास सुकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. परिषद आधी समेट घडवू पाहते, तो न झाल्यास लवादाने निकाल लागतो. विक्रेता ज्या परिषदेच्या हद्दीत आहे तिच्याकडेच अर्ज करायचा, मग खरेदीदार देशात कोठेही असो. म्हणजे सोलापूरच्या विणकराला दिल्लीच्या व्यापाऱ्यामागे दिल्लीला जावे लागत नाही. निकालाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

मात्र यासाठी 'उद्यम' नोंदणी हवी. ती विनामूल्य आहे; पैसे मागणाऱ्या एजंटाला ओळखावे. नोंदणी माल देण्यापूर्वीची असावी. हा लाभ माल तयार करणाऱ्यांना आणि मजुरीवर काम करून देणाऱ्यांना आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जाच्या सवलतीपुरतीच. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही.

चेक आणि कर

अशा व्यापाऱ्यांनी उधारी द्यावीच लागली तर पुढील तारखेचा चेक घ्यावा. चेक वटला नाही तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आपण चेक ज्या शाखेतील आपल्या खात्यात भरला, तेथील न्यायालयात खटला चालतो. म्हणजे खाते सोलापुरात असेल तर खटला सोलापुरातच.

बिल बुडाले तरी जीएसटी आपल्याला भरावाच लागतो. ५ टक्के कराचा एक लाखाचा माल बुडाला, तर करापोटी आणखी ५,००० रुपये खिशातून जातात. पण याच करात एक हत्यारही आहे. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. पत्रात याची आठवण करून दिली की कित्येकांना जाग येते.

लिहून ठेवा

वरील प्रत्येक उपायाला कागद लागतो : ऑर्डरचा मेसेज, जीएसटी क्रमांक, बिल, वाहतुकीची पावती. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनच्या सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि आपल्याकडे तिचेच पालन कमी होते. ४५ दिवसांच्या कायद्यात थकबाकीवर चक्रवाढ व्याज मिळते. ज्यांना व्याज घ्यायचे नाही त्यांनी केवळ मुद्दल मागावी. आपला हक्काचा पैसा सोडण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक खरोखर अडचणीत असेल तर मुदत जरूर द्यावी, पण थकबाकीची सही असलेली लेखी कबुली घेऊन. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी अशी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते.

नवे गिऱ्हाईक असेल तर पहिला सौदा रोखीचा, दुसरा अर्ध्या विसाराचा आणि पत कळल्यावरच उधारीचा, हा क्रम ठेवावा. एखादी ऑर्डर हातची गेली तरी चालेल. माल गोदामात राहिला तर उद्या विकला जाईल. बुडालेल्या पैशात मात्र सुताचे पैसे आणि कारागिरांची मजुरीही बुडते.