जुन्या स्पीकरांच्या पिढ्या आणि घराच्या भिंती

जुन्या स्टिरिओ स्पीकरांची तुलना केवळ कानाला गोड कोणता लागतो एवढ्यावर केली तर ती फसते. कारण प्रत्येक पिढीचा स्पीकर त्या काळच्या ॲम्प्लिफायरच्या ताकदीला आणि ज्या घरात तो वाजणार त्या घराच्या भिंतींना बांधलेला असतो.

1940 च्या दशकात व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर जेमतेम दहा-वीस वॅट शक्ती देत असल्याने, थोड्या शक्तीत मोठा आवाज काढणे ही स्पीकरची पहिली कसोटी होती, आणि अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांच्या क्लिप्शहॉर्नने ती कर्ण्याच्या तत्त्वावर पार पाडली. संवेदनशीलता, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर मिळणारा आवाज, त्यात 100 डेसिबलहून अधिक आहे. मात्र त्याचा खर्जाचा कर्णा खोलीच्या कोपऱ्यातील दोन भिंतींनी पूर्ण होतो, त्यामुळे त्या भिंती भक्कम असाव्या लागतात. न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या उत्तरेस गेल्या काही दशकांत वाढलेल्या रोटोटुना उपनगरासारख्या ठिकाणी घरे बहुतांशी लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते बसवून बांधतात. असा तक्ता खर्जाच्या लहरींनी स्वतः थरथरतो आणि त्यांची काही शक्ती शोषून घेतो. मुंबई-पुण्याच्या काँक्रीटच्या खोलीत तोच खर्ज भिंतींवरून परत येऊन घुमतो.

1954 साली एडगर विल्चर यांनी एआर-1 या स्पीकरमध्ये पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल खर्ज काढला. चार वर्षांनी स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, घरात एकाऐवजी दोन पेट्या लागू लागल्या, आणि लहान आकाराला अचानक मोल आले. या पेट्यांना शक्ती मात्र जास्त लागे. ती पुढे ट्रान्झिस्टरने पुरवली.

यापुढची खरी झेप न्यूझीलंडच्या शेजारी ऑस्ट्रेलियात घेतली गेली. नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकात पडद्याचे वजन, लवचीकता व पेटीचे आकारमान यांचे गणित मांडल्यामुळे, छिद्र असलेली पेटी अंदाजाने ठोकण्याऐवजी मोजून बनवता येऊ लागली. त्याच दशकात बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांसाठी घडवलेला इवलासा एलएस3/5ए स्पीकर खर्जात तोकडा आहे, पण माणसाचा आवाज तो विलक्षण खरा ठेवतो. ख्यालगायनातील शब्द आणि श्वास ऐकू पाहणाऱ्यांनी तो आवर्जून ऐकावा. त्याची संवेदनशीलता सुमारे 83 डेसिबल आहे, म्हणजे क्लिप्शहॉर्नइतका आवाज काढायला त्याला सुमारे शंभरपट शक्ती लागेल, आणि तेवढी शक्ती त्याला सोसणार नाही.

म्हणूनच दोन पिढ्या शेजारी ठेवून ऐकताना दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा लागतो, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला उगाच सरस वाटतो. शिवाय 1970-80 च्या अनेक स्पीकरांतील पडद्याभोवतीची फोमची किनार कालांतराने कुजून गळते आणि आतील कपॅसिटरांची मूल्ये बदलतात. अशी जोडी दुरुस्त न करता ऐकली तर कानी पडतो तो तिच्या पिढीचा नव्हे, तिच्या झिजेचा आवाज. जिप्समच्या भिंतींच्या घरात क्लिप्शहॉर्नपेक्षा कोपऱ्यावर अवलंबून नसलेली हवाबंद पेटीच घ्यावी, आणि विकत घेण्यापूर्वी त्या किनारी बोटाने हळूच चाचपून पाहाव्यात.