उंटिणीचं दूध काढताना

विदर्भात मेंढ्या-उंट घेऊन फिरणारे कच्छचे रबारी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यांचेच भाऊबंद म्हणजे राजस्थानचे राईका. ते उंटिणीचं दूध कसं काढतात, ते आज सांगते.

म्हशीखाली आपण उकिडवं बसतो. उंटीण उंच, तिथं बसून हात पोचत नाही. राईका उभाच राहतो, तोही एका पायावर! दुसरा पाय दुमडून त्याचं पाऊल गुडघ्याला टेकवायचं आणि त्या मांडीवर भांडं धरायचं. आधी पिल्लू सोडतात. ते चार ओढी घेतं तेव्हा उंटीण पान्हा सोडते, आणि तो टिकतो जेमतेम दीड-दोन मिनिटं. म्हणून बरेचदा दोन बाजूंनी दोघं मिळून काढतात. चार सडांपैकी दोन पिल्लासाठी राखायचे, ही रीत. आपण वासराला एवढं ठेवतो का, खरं सांगा! रानात भांडं नसलं तर रुईच्या पानाचा द्रोण करून दूध पितात.

हे दूध विकणं राईकांत पाप मानत. विकायचे ते नर उंट. पण शेतात ट्रॅक्टर आले, चराऊ रानं घटली, आणि २०१५ च्या कायद्यानं राजस्थानातून उंट बाहेर नेण्यावरही बंधन आलं. नराला गिऱ्हाईक उरलं नाही. मग घर कशावर चालवायचं? आता काही राईका दूध विकू लागलेत. तिकडे गुजरातेत अमूलनं २०१९ मध्ये कच्छच्या उंटिणींचं दूध बाटलीत आणलं. चार पैसे मिळतात, ते हवेतच. मला काळजी वाटते ती पिल्लाच्या दोन सडांची. डेअरीत पैसे लिटरवर मिळतात, आणि आपल्या गोठ्यात वासराच्या वाट्याला काय उरतं, ते आपण रोज पाहतो.